सहा बोटं मोजून भागणार नाही

(बुरोंडी, ता. दापोली येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. स्वागत आणि आभार गाळले आहेत.)



मला विषय दिलाय, ‘एआयने बनवलेल्या खोट्या माहितीपासून स्वतःला आणि इतरांना कसं वाचवायचं’. मी म्हटलं येतो, पण या विषयावर जे सल्ले सगळीकडे दिले जातात त्यांची आधी जरा झाडाझडती घेतो. मला तो अधिकार आहे, कारण तेच सल्ले मी शाळाकॉलेजांतून देत फिरलोय. आणि देता देता मीच फसलोय. तो किस्सा आधी सांगून टाकतो, म्हणजे माझ्यावरचा तुमचा विश्वास जेवढा कमी व्हायचा तेवढा सुरुवातीलाच होईल. (हशा)

३० जुलै २०२५. सकाळी बातमी आली की रशियात कामचटकाला ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला. जपान, हवाई, सगळीकडे सुनामीचा इशारा. बातमी शंभर टक्के खरी. दुपारपर्यंत फोनवर व्हिडिओंची रांग लागली. त्यातला एक असा: डोंगराएवढी लाट, खाली जेटी, जेटीला बांधलेल्या होड्या, माणसं पळतायत. वर कुणीतरी मराठीत आवाज चढवलेला, ‘अरबी समुद्रालाही इशारा, किनाऱ्यावरच्यांनी ताबडतोब वर जावे’. मी तो व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. मी तज्ज्ञ ना! सावल्या पाहिल्या, पाण्याचा फेस पाहिला. माणसांची बोटं मोजायची होती, पण माणसं लांब होती, बोटं दिसतच नव्हती. कुठे काही खटकलं नाही. मग भावकीच्या ग्रुपवर टाकला आणि व्हिडिओखाली लिहिलं, ‘खात्री नाही, पण काळजी घ्या.’

हे वाक्य लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

माझी एक आत्या इथून जवळच, खाली वाडीत राहते. गुडघे गेलेत. मुलगा मुंबईला. तिने शेजारच्या पोराला हाताशी धरलं, औषधांची पिशवी घेतली आणि भर पावसात घाटी चढून वरच्या वाडीत एकांच्या पडवीत जाऊन बसली. रात्री नऊपर्यंत. चहाशिवाय पोटात काही नाही.

आता बघा, सुनामीचा इशारा देणारी आपली राष्ट्रीय संस्था हैदराबादला आहे, इन्कॉइस. तुमच्यातल्या मच्छीमारांना ती चांगली ठाऊक आहे, मासळी कुठे सापडेल त्याचे अंदाज तिच्याकडूनच येतात. या भूकंपाचा भारताला धोका नाही, हे तिने त्याच दिवशी जाहीर केलं होतं. ते बघायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. तेवढंही सोडा, भिंतीवरचा नकाशा पुरला असता. कामचटका पॅसिफिकमध्ये. तिथली लाट बुरोंडीला यायची तर तिने अर्धा आशिया वळसा घालायला हवा. मकरानच्या किनाऱ्याजवळ भूकंप झाला असता तर गोष्ट वेगळी, १९४५ च्या नोव्हेंबरात तशी लाट मुंबईपर्यंत आली होती. म्हणजे आत्याची भीती खुळचट नव्हती. खुळचटपणा माझा होता.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. शिव्या खायची तयारी ठेवली होती. आत्या एवढंच म्हणाली, “तू पाठवलंस म्हणून गेले रे. दुसऱ्या कुणी पाठवलं असतं तर पंख्याखाली बसून राहिले असते.”

आता त्या सल्ल्यांकडे येऊ. पोस्टर तुम्ही पाहिलं असेल. हाताला सहा बोटं आहेत का बघा, पापण्या लवतात का बघा, ओठ आणि शब्द जुळतात का बघा. हे सल्ले खोटे नव्हते, दोनतीन वर्षांपूर्वीच्या यंत्रांना लागू होते. पण आपण फ्लेक्स छापून आणून टांगेपर्यंत यंत्राने बोटं दुरुस्त केलेली असतात. शिळेपणा ही त्यातली लहान खोट. मोठी खोट अशी, की या सल्ल्याने माणूस ‘मला काही खटकलं नाही’ याचा अर्थ ‘म्हणजे खरं आहे’ असा लावायला शिकतो. मी तेच केलं. मी काहीच पाहिलं नसतं, तर कदाचित पाठवलंही नसतं. पाहण्याने माझा धीर वाढला.

शिवाय व्हॉट्सॲपवर दहा हात फिरलेला खरा व्हिडिओसुद्धा इतका धुरकट होतो की तोच बनावट वाटतो. उद्या खाडीत खरोखर रेती उपसणाऱ्याचा व्हिडिओ कुणी काढला तर तो काय म्हणेल? ‘एआय आहे हो.’ हे कल्पनेतलं नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये तमिळनाडूच्या तेव्हाच्या अर्थमंत्र्यांच्या नावाने दोन ध्वनिफिती बाहेर आल्या, त्यांनी त्या बनावट असल्याचं सांगितलं. एका माध्यमसंस्थेने तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या तर पहिलीबद्दल ठाम सांगता येईना, दुसरी मात्र अस्सल निघाली. खोटं ओळखायला शिकवता शिकवता आपण खऱ्याला नाकारायची पळवाटही शिकवतोय.

आवाजाचं तर विचारूच नका. आपल्याकडची विधानसभा आठवा. २० नोव्हेंबर २०२४ ला मतदान. आदल्या दिवशी, १९ तारखेला, बिटकॉइनच्या पैशांबद्दलच्या ध्वनिफिती भाजपने जाहीर केल्या. आवाज सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांचे, असं सांगितलं गेलं. दोघांनीही आरोप फेटाळले, सुळेंनी तक्रार केली. तथ्य तपासणाऱ्या ‘बूम’ने फिती तपासल्या, तेव्हा त्यातल्या बहुतेक एआयने बनवलेल्या असण्याची दाट शक्यता दिसली. पण मला यात सर्वांत बोलकी वाटते ती दुसरीच गोष्ट. सुळेंच्या घरातल्याच, वर्षानुवर्षं बरोबर काम केलेल्या एका मोठ्या नेत्याने मतदानाच्या दिवशी कॅमेऱ्यासमोर सांगितलं की आवाज त्यांचाच आहे, टोनवरून मला कळतं. मी इथे राजकारण करत नाही, हेतूबद्दल तर मुळीच बोलत नाही. मी एवढंच विचारतो, की जिथे बहिणीच्या आवाजाबद्दल भावाची साक्ष आणि यंत्राची तपासणी समोरासमोर उभ्या राहतात, तिथे ‘नीट ऐका म्हणजे कळेल’ हा सल्ला तुम्ही कुठल्या तोंडाने देणार? आणि तपासणीचा निकाल येईपर्यंत मतदान सुरू झालेलं होतं.

सचिन तेंडुलकरांचा व्हिडिओ आठवतो? जानेवारी २०२४. कुठल्याशा गेमिंग ॲपची जाहिरात, मुलगी त्यावर पैसे कमावते वगैरे. तो खोटा आहे हे सगळ्या देशाला कसं कळलं? १५ जानेवारीला स्वतः सचिनने सांगितलं म्हणून. ज्याचा चेहरा वापरला तो बोलला. खोटं उघडं पडतं ते बहुतेक वेळा असंच, संबंधित माणूस किंवा संबंधित खातं पुढे येऊन सांगतं. आपल्या डोळ्यांच्या तेजाने नाही.

आता मी तुम्हाला एआयच्या आधीच्या काळात नेतो. कारण या विषयावरची बहुतेक भाषणं असं गृहीत धरतात की संकट यंत्राबरोबर आलं.

१ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. रविवारचा बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे, भिक्षुकीसाठी फिरत तिथे आले होते. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज त्या भागात आठवड्याभरापासून फिरत होते. जमावाने त्या पाच जणांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथेच मारून मारून ठार केलं. पाचही. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात, मंडळी.

त्या वर्षी देशभर या अफवेबरोबर एक व्हिडिओ फिरत होता. मोटरसायकलवरून दोघे येतात, गल्लीत खेळणाऱ्या मुलाला उचलतात आणि जातात. तो कराचीत बनवलेला. मुलांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या तिथल्या एका संस्थेची जनजागृतीची फिल्म. मूळ फिल्ममध्ये ते दोघे परत येतात, मुलाला सोडतात आणि फलक दाखवतात की बघा, मूल पळवणं किती सोपं आहे, लक्ष ठेवा. कुणीतरी शेवटचे काही सेकंद कापले. एवढंच. बोटं पाचच होती, ओठ जुळत होते, सावल्या बरोबर होत्या. चित्रातलं सगळं खरं होतं, फक्त शेवट कापलेला.

त्याच सुमारास मालेगावात काय झालं ते फार कमी लोकांना माहीत आहे. परभणीकडचं एक कुटुंब, बरोबर दोनेक वर्षांचं मूल, त्याच अफवेपायी जमावाच्या तावडीत सापडलं. तिथल्याच एका रहिवाशाने त्यांना घरात घेतलं, दार लावलं. पोलीस आले, मार खाल्ला, पण त्या सगळ्यांना जिवंत बाहेर काढलं. आता मला सांगा, ज्याने दार लावलं त्याने मेसेज खरा की खोटा हे तपासलं असेल? त्याला वेळ होता का? मेसेज खरा असता तरी माणसांना मारायचं नसतं, एवढं त्याला ठाऊक होतं. ‘इतरांना कसं वाचवायचं’ असं विषयाच्या नावात लिहिलंय ना, त्याचं मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं उदाहरण हे आहे. आणि ते एकाही पोस्टरवर नाही.

त्या प्रकारानंतर, जुलै २०१८ मध्येच, व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्डवर मर्यादा आणली, एका वेळी पाच जणांना. पुढे एप्रिल २०२० मध्ये खूप फिरलेल्या मेसेजला एकाच ठिकाणी. वेग कमी झाला असेल. पण ‘फॉरवर्ड करूच नका’ असं जे शहरातले लोक आपल्याला सांगतात, त्यांच्याशी मात्र माझं भांडण आहे. त्यांना किनारा माहीत नाही. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. या तालुक्यात पुढे कित्येक दिवस वीज नव्हती, टॉवर बंद. मुंबईतला चाकरमानी वेड्यासारखा विचारत होता, घर आहे का, आई आहे का. ज्याला दापोलीत जाऊन रेंज मिळाली त्याने पाठवलेले चार शब्द वाडीवाडीच्या ग्रुपवर फिरले, तेव्हा लोकांच्या घशाखाली घास गेला. २००९ चं फयान इथे कुणाला आठवत नाही? किती घरांतली माणसं समुद्रातून परत आली नाहीत. निरोप पुढे गेला नाही तर माणसं मरतात, हे कोकणाला शिकवायची गरज नाही. तेव्हा ‘फॉरवर्ड करू नका’ हा सल्ला इथे चालणार नाही. कसं करायचं, एवढंच बोलता येईल.

(श्रोत्यांतून एक जण : “आम्ही वायरलेसवर बोटीचं नाव सांगितल्याशिवाय बोलतच नाही.”)

बघा! मी तिथेच येत होतो, यांनी आधी सांगितलं. वायरलेसवर आधी कोण बोलतंय, कुठून बोलतंय, मग वाऱ्याची खबर. खबर चुकली तर संध्याकाळी बंदरात त्या तांडेलाला गाठता येतं. पूर्वी एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप यायचा तोही असाच. ‘अमक्याने सांगितलंय, काल रात्री, परळच्या हॉस्पिटलात आहेत.’ कोण, कधी, कुठे. निरोप चुकीचा निघाला तर कंडक्टर दुसऱ्या दिवशी त्याच गाडीवर असायचा. (हशा) अफवा तेव्हा नव्हत्या असं मी म्हणत नाही हं. २१ सप्टेंबर १९९५ ला देशभर गणपती दूध प्यायला, तेव्हा तर हातोहाती मोबाइलही नव्हता. पण त्या दिवशीसुद्धा ‘मी स्वतः पाजलं’ म्हणणारा माणूस समोर होता, त्याच्याशी वाद घालता येत होता.

फॉरवर्डमध्ये नेमका हाच माणूस गळतो. ‘फॉरवर्डेड’ एवढी शिक्कामोर्तब ओळ येते, पहिला कोण ते नाही. आणि त्या रिकाम्या जागी पाठवणाऱ्याचं, म्हणजे माझं, नाव बसतं. आत्या व्हिडिओवर विश्वास ठेवून घाटी चढली नाही. माझ्यावर ठेवून चढली. यंत्राने लाट बनवली, लाटेला खरेपण मी दिलं.

आता ते वाक्य. ‘खात्री नाही, पण काळजी घ्या.’ मी या वाक्याचा शत्रू झालोय. त्यात मी पाठवण्याचं पुण्यही घेतो आणि जबाबदारीही झटकतो. खात्री नाही तर खात्री करून घे ना बाबा. तेवढा वेळ नसेल तर निदान लिही, की हे मला अमक्याकडून आलं, मी बघितलेलं नाही, इन्कॉइसचं किंवा हवामान खात्याचं पान मी उघडलेलं नाही. असं प्रामाणिकपणे लिहून बघा. नव्वद टक्के मेसेज लिहितानाच पुसून टाकाल, लाजेने.

फोनवरचा आवाज हा याच दुखण्याचा दुसरा भाग. ‘काका, मी अडकलोय, लगेच पैसे पाठवा’, आवाज पुतण्याचा. तिथे आवाज ओळखत बसू नका. फोन ठेवा आणि तुमच्याकडे जतन केलेल्या त्याच्या नंबरवर तुम्ही लावा. नाही लागला तर त्याच्या बायकोला, त्याच्या शेजाऱ्याला लावा. पोलिसांच्या वेशात व्हिडिओ कॉल करून कुणी ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणाला, तर कायद्यात असली अटकच नाही. पैसे गेलेच तर १९३० ला लगेच फोन, तासाभराने नाही. हे तुम्ही शंभरदा ऐकलंय, पुढे जातो.

कुणी म्हणेल, हे सगळं सरकारने बघावं. बघावंच. फेब्रुवारी २०२६ मध्ये नियम बदलले, कृत्रिम मजकुरावर तसं लेबल हवं, आदेश आल्यावर कंपन्यांनी ३ तासांत मजकूर काढावा. लेबलाबद्दल मला एवढंच म्हणायचंय की ते प्रामाणिक माणूस लावेल. ज्याने ती लाट बनवली तो ‘ही लाट बनावट आहे’ असं लिहिणार आहे का? आणि खरंखोटं सरकारनेच ठरवायचं म्हटलं, तर तो प्रयोगही झालाय. २०२३ च्या नियमांत केंद्र सरकारच्या कामकाजाविषयी खोटं काय ते सरकारचंच फॅक्ट चेक युनिट ठरवणार होतं. कुणाल कामरा आणि इतर मुंबई उच्च न्यायालयात गेले. ३१ जानेवारी २०२४ ला दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली, मग तिसरे न्यायमूर्ती चांदुरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ ला ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. मला तो निकाल पटतो. आरोपीच पंच झाला तर सामना कुणी बघायचा? पण त्याचा अर्थ हाही होतो, की वरून कुणी येऊन आपल्या भावकीच्या ग्रुपची साफसफाई करणार नाही.

(प्रश्न, एक महिला : “सर, मुलीचा फोटो कुणी तसला बनवून फिरवला तर? ते खोटं आहे हे कसं सिद्ध करायचं?”)

ताई, बरं झालं विचारलंत, मी हे टाळून चाललो होतो. आजवर आपण ‘खरं की खोटं’ यावर बोलतोय, आणि इथे तो प्रश्नच चुकीचा आहे. सिद्ध कशाला करायचं? गावाने ‘खरा आहे का गं?’ असं विचारणं हाच तिच्यावरचा दुसरा अत्याचार. फोटो बनावट असो वा चोरलेला, तो फिरवणं गुन्हा आहे. तिने काहीही शाबीत करण्याची गरज नाही. ज्याच्या फोनवर आला त्याने तो उघडून, मोठा करून तपासायचा नाही, पुढे तर नाहीच. पाठवणाऱ्याचं नाव, नंबर, वेळ लिहून ठेवायचा, मुलीच्या घरच्यांना सांगायचं आणि तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जायचं. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर बाई आपलं नाव न देताही तक्रार करू शकते. आशा भोसले यांच्या आवाजाची एआयने नक्कल करणाऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये मनाई केली, चांगलंच झालं. आशाताईंकडे वकील होते, नाव होतं. वाडीतल्या पोरीकडे त्या दिवशी फक्त वाडी असते. आणि ग्रुपवरच्या चाळीस बाप्यांपैकी एकाने जरी ‘हे इथे कुणी टाकलं? काढ आणि माझ्यासमोर ये’ असं नावानिशी लिहिलं, तर पुढचे एकोणचाळीस गप्प बसतात. मी हे होताना पाहिलंय. न होतानाही पाहिलंय.

वेळ संपत आली. आत्याची गोष्ट अर्धी राहिली, ती सांगतो.

तिच्याशी बोलून झाल्यावर मी काय केलं? व्हिडिओ ‘सर्वांसाठी डिलीट’ केला. वाटलं, झालं. मग लक्षात आलं, ही तर दुसरी लबाडी. ज्यांनी पाहिला त्यांच्या डोक्यातून तो कसा डिलीट होणार? शिवाय काही जणांनी पुढे पाठवला होता. मग लिहिलं, ‘काल मी टाकलेला लाटेचा व्हिडिओ खोटा होता. मी तपासला नव्हता. ज्यांनी पुढे पाठवला त्यांनी तिथेही हे सांगा.’ चौदा जणांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. पुढे सांगितलं किती जणांनी? दोघांनी. त्यातली एक आत्या.

ऑक्टोबरात पुण्याच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी मला एक व्हिडिओ पाठवला. तीच लाट, तीच जेटी. आता ती अंदमानची होती. आणि व्हिडिओखालचं वाक्य, ते व्हिडिओबरोबरच प्रवास करतं ना, ते जसंच्या तसं माझं होतं. ‘खात्री नाही, पण काळजी घ्या.’

मी त्यांना फोन लावला. सगळं सांगितलं. ते जरा वेळ गप्प. मग म्हणाले, “अहो, पण मी तर सोसायटीच्या ग्रुपवर टाकलाय. आता त्यांना काय सांगू, कुणाचं आहे म्हणून?”

म्हटलं, माझं नाव सांगा.